सतरा महिन्यांत पहिली दुरुस्ती : मद्रासच्या एका अर्जापासून परिशिष्ट ९ पर्यंत

६, २, २, २, १, १.

हे आकडे मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो आणि वर्गाला विचारतो, हे काय असेल? कुणी षटकातल्या धावा म्हणतं, कुणी लॉटरीचा नंबर. बेरीज १४ येते, एवढंच बहुतेकांच्या लक्षात येतं. मद्रास राज्यातल्या सरकारी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत १९५० साली दर १४ जागांची वाटणी अशी होती: ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २ (शब्द त्या आदेशातलाच), अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना मिळून १ आणि मुसलमानांना १. या आदेशाला ‘कम्युनल जी. ओ.’ म्हणत. त्याची मुळं १९२० च्या दशकात होती, आणि मद्रासमध्ये तो इतका अंगवळणी पडला होता की नवी राज्यघटना आली म्हणून त्याला धक्का बसेल असं सरकारला वाटलंच नव्हतं.

भारताच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती मी या प्रकरणातून शिकवतो. ज्या तरुणीच्या अर्जावरून हे सुरू झालं तिचं नाव निकालाच्या शीर्षकात आहे आणि कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पाठ असतं. इथे त्या नावाची गरज नाही.

पार्श्वभूमी

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली, घटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ ला आणि अंमलात आली २६ जानेवारी १९५० ला. हे शाळेतलं. आपल्याला हवा आहे तो १७ सप्टेंबर १९४९ चा दिवस. त्या दिवशी समितीपुढे घटनादुरुस्तीचं कलम होतं. मसुद्यात त्याचा क्रमांक ३०४ होता, पुढे तेच ३६८ झालं.

योजना तीन पायऱ्यांची होती. काही गोष्टी संसदेने साध्या बहुमताने बदलाव्यात. राज्यांच्या सीमा त्यातच येतात, म्हणून १ मे १९६० ला महाराष्ट्र जन्मला तेव्हा ३६८ ला हातही लावावा लागला नाही. बाकी बहुतेक कलमांना एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. राज्यांच्या अधिकारांशी निगडित कलमांना याशिवाय निम्म्या राज्यांची संमती.

मूलभूत हक्क मधल्या पायरीवर राहिले. त्या दिवशी अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी एक सूचना मांडली होती: व्यक्तीच्या हक्कांचा, मालमत्तेच्या हक्कासह, संकोच करणारी कोणतीही दुरुस्ती करता येऊ नये. ती मान्य झाली नाही. म्हणजे मूलभूत हक्कांना कुलूप लावायचं की नाही, हा प्रश्न समितीपुढे स्पष्ट शब्दांत येऊन गेला होता. पुढे पंचवीस वर्षं न्यायालयांत याच एका प्रश्नाचा कीस पडला, तेव्हा ही सूचना पुन्हा पुन्हा उकरून काढली गेली.

दुसरी नोंद २५ नोव्हेंबर १९४९ च्या डॉ. आंबेडकरांच्या समारोपाच्या भाषणातली. घटनेवर नाराज असलेल्यांना त्यांनी सांगितलं की दोन तृतीयांश बहुमत मिळवा आणि ती बदला. प्रौढ मताधिकारावर निवडून आलेल्या संसदेत तेवढंही बहुमत मिळत नसेल, तर तुमची नाराजी जनतेची आहे असं मानता येणार नाही. यातले ‘प्रौढ मताधिकारावर निवडून आलेल्या’ हे शब्द लक्षात ठेवावेत.

अडचण

अडचणी तीन होत्या. तिन्ही वेगळ्या दिशांनी आल्या आणि एका वर्षाच्या आत एकमेकींवर येऊन आदळल्या.

पहिली मद्रासची. जून १९५० मध्ये उच्च न्यायालयात दोन अर्ज आले. एक वैद्यकीय प्रवेशासाठी, त्या तरुणीचा. दुसरा अभियांत्रिकीसाठी, एका तरुणाचा. त्याचे गुण निकालपत्रात आहेत: ४५० पैकी ३६९½. हा अर्धा गुण मला फार आवडतो. केवळ गुणांवर प्रवेश दिले असते तर या मुलाला जागा मिळाली असती, हे सरकारने मान्य केलं होतं. त्याची बाजू उच्च न्यायालयात मांडायला कोण उभं राहिलं? अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, म्हणजे घटनेच्या मसुदा समितीचे सदस्य. स्वतः बसवलेली चौकट स्वतःच न्यायालयात ठोकून बघण्याचा प्रकार.

त्या तरुणीच्या बाबतीत एक गंमत आहे. तिने महाविद्यालयात प्रवेशासाठी प्रत्यक्ष अर्ज केला होता असं तिच्या प्रतिज्ञापत्रावरून दिसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने निकालात नोंदवलं आहे. चौकशी केली तेव्हा ब्राह्मण असल्यामुळे प्रवेश मिळणार नाही असं कळलं, एवढंच तिचं म्हणणं. सरकारने हा मुद्दा वेळेवर उचलला नाही म्हणून अर्ज टिकला. प्राथमिक हरकत नोंदवायची राहिली की काय होतं, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण माझ्यापाशी नाही.

चार वैद्यकीय महाविद्यालयं, एकूण जागा ३३०. त्यातल्या १७ राज्याबाहेरच्यांसाठी, १२ सरकारच्या मर्जीच्या. उरलेल्यांची १४-१४ च्या गठ्ठ्यांत वाटणी. कलम २९(२) मात्र सांगत होतं की सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कुणाला प्रवेश नाकारता येणार नाही. उच्च न्यायालयाने जुलै १९५० मध्ये आदेश घटनाबाह्य ठरवला. मद्रासमध्ये पेरियारांच्या चळवळीने त्याविरुद्ध निदर्शनं केली, सरकार दिल्लीला अपिलात गेलं, आणि ९ एप्रिल १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एकमताने तोच निकाल कायम केला.

सरकारचा भर कलम ४६ वर होता. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची काळजी राज्याने घ्यावी, असं ते मार्गदर्शक तत्त्व सांगतं. न्यायालयाचं उत्तर असं, की मार्गदर्शक तत्त्वांनी मूलभूत हक्कांच्या खाली राहूनच चालायचं आहे. आणखी एक बोचरा मुद्दा त्यांनी मांडला. नोकऱ्यांच्या बाबतीत मागासवर्गीयांसाठी जागा राखण्याची मुभा १६(४) मध्ये शब्दांत दिलेली आहे. शिक्षणाच्या कलमात तशी ती नाही. अर्थात घटनाकारांना ती द्यायची नव्हती.

खरंच द्यायची नव्हती की राहून गेली? माझं मत, राहून गेली. इतक्या मोठ्या दस्तऐवजात एक फट राहणं नवल नाही. पण लिहिलेल्या मजकुरावर निकाल द्यायचा म्हटलं तर न्यायालयाला वेगळं काही म्हणता आलं असतं, असंही मला वाटत नाही.

दुसरी अडचण वृत्तपत्रांची. मुंबईत छापलं जाणारं ‘क्रॉस रोड्स’ हे डाव्या विचारांचं साप्ताहिक मद्रास सरकारने १ मार्च १९५० ला आपल्या हद्दीत बंद केलं. दिल्लीत ‘ऑर्गनायझर’वर छापण्याआधी तपासणीचा हुकूम निघाला. एक डावं, एक उजवं. २६ मे १९५० ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही हुकूम रद्द केले. कलम १९(२) मध्ये राज्याची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या मजकुराला आळा घालता येत होता, पण ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्दच तिथे नव्हते.

तिसरी अडचण जमिनीची, आणि सरकारच्या दृष्टीने सगळ्यांत तातडीची. बिहारच्या जमीनदारी निर्मूलन कायद्यात भरपाईचा दर चढउताराचा होता: लहान जमीनदाराला निव्वळ उत्पन्नाच्या २० पट, सगळ्यांत मोठ्याला ३ पट. पाटणा उच्च न्यायालयाने १२ मार्च १९५१ ला समानतेच्या कलम १४ खाली तो रद्द केला. भरपाई पुरेशी आहे का, या वादातून असे कायदे वाचवण्याची तजवीज मूळ कलम ३१ मध्ये होती. कलम १४ च्या दारातून कुणी आत येईल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तसेच कायदे नागपूर आणि अलाहाबादच्या उच्च न्यायालयांनी मात्र वैध ठरवले. थोडक्यात, तीन न्यायालयांत दोन विरुद्ध एक, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अजून तोंड उघडलेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

१९५१ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळापुढे काय काय होतं?

थांबता आलं असतं. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू व्हायची होती. बसलेली संसद हंगामी होती. घटना समितीच संसद म्हणून काम चालवत होती. ती प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेली, आणि ती विधिमंडळं १९४६ च्या मर्यादित मताधिकारावरची. आंबेडकरांनी दीड वर्षापूर्वी घालून दिलेल्या कसोटीला ती स्वतःच उतरत नव्हती. शिवाय कलम ३६८ ‘प्रत्येक सभागृहा’बद्दल बोलतं आणि इथे सभागृह होतं एकच. राष्ट्रपतींनी ‘अडचणी दूर करण्याच्या’ अधिकारात आदेश काढून हा तिढा सोडवला होता, पण तो सर्वांना रुचला नव्हता. खुद्द राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी हंगामी संसदेने घटनेत हात घालण्याबद्दल शंका कळवल्या होत्या.

दुसरा पर्याय, जिथे फट आहे तिथेच टाका घालायचा. मद्राससाठी एक उपकलम, वृत्तपत्रांसाठी दोन शब्द. जमिनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊ द्यायचं.

तिसरा पर्याय, कायदे घटनेला साजेसे करायचे. मद्रासने जातींची १४ जागांची वाटणी सोडून मागासलेपणाच्या निकषावर नवा आदेश काढायचा, बिहारने भरपाईचे टप्पे बदलायचे. कागदावर हा रस्ता सरळ दिसतो. पण जमीन जाणार हे दिसत असताना कोणता जमीनदार हातावर हात ठेवून बसला असता? प्रत्येक महिन्याच्या उशिरात खरेदीखतं, वाटण्या, बेदखल्या. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

आणि चौथा, जो निवडला गेला: तिन्ही प्रश्न एकाच विधेयकात बांधायचे आणि जमिनीपुरतं न्यायालयाचं दारच बंद करायचं.

या चौथ्या पर्यायाकडे पंडित नेहरूंचा कल का झाला, हे त्यांच्या १६ मे १९५१ च्या भाषणातून कळतं. आपण बनवलेली ही भव्य घटना वकिलांनी पळवून नेली, अशा अर्थाचं ते बोलले. जमीनदारी संपवण्याचं वचन काँग्रेसने वर्षानुवर्षं दिलं होतं, आणि निवडणूक तोंडावर होती. आंबेडकर कायदामंत्री म्हणून सरकारच्या बाजूने बोलले. मद्रासचे निकाल त्यांना साफ असमाधानकारक वाटले होते आणि ते त्यांनी सभागृहात लपवलं नाही.

काय केलं

१२ मे १९५१ ला विधेयक मांडलं गेलं. १६ मे नंतर प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, गेलं, २५ मेला समितीचा अहवाल आला, २ जूनला २२८ विरुद्ध २० मतांनी ते मंजूर झालं आणि १८ जूनला राष्ट्रपतींची सही झाली. मांडल्यापासून मंजुरीपर्यंत एकवीस दिवस. मद्रासच्या निकालापासून सहीपर्यंत सत्तर. घटना तेव्हा सतरा महिन्यांचीही झाली नव्हती.

विरोध करणाऱ्यांत श्यामाप्रसाद मुखर्जी, हृदयनाथ कुंझरू, आचार्य कृपलानी, ह. वि. कामत अशी एरवी एका बाकावर न बसणारी माणसं होती. घाई कशाची, लोकांना विचारा, हा त्यांचा सूर.

आरक्षणासाठी १५(४) आलं: सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले वर्ग, अनुसूचित जाती आणि जमाती यांच्यासाठी विशेष तरतूद करायला कलम १५ किंवा २९(२) आड येणार नाही. ‘आर्थिकदृष्ट्या’ हा शब्दही घाला, अशी सूचना प्रा. के. टी. शहांनी केली होती. ती फेटाळली गेली. तो शब्द घटनेत शिरायला १०३ वी दुरुस्ती, म्हणजे २०१९ साल उजाडावं लागलं.

वृत्तपत्रांच्या कलमाशी मी वर्गात जरा जास्त वेळ थांबतो. १९(२) चा जुना मजकूर फळ्यावर लिहितो आणि मुलांना सांगतो, तुम्ही १९५१ चे कायदामंत्री, ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ यात बसवून दाखवा. दहा मिनिटं. शब्द सगळेच बसवतात. काही जण परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, गुन्ह्याला चिथावणी असं सरकारने घातलं तेही घालतात. एक शब्द मात्र बहुतेक वह्यांत नसतो. तो सरकारच्या १२ मेच्या मसुद्यातही नव्हता. सभा, संघटना, संचार, व्यवसाय या शेजारच्या हक्कांवरच्या निर्बंधांना तो १९५० पासून लागू होता, भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांना नव्हता. बाहेरून टीका झाली, काँग्रेसच्या बाकांवरूनही कुरबुर झाली, आणि प्रवर समितीत तो आत आला: ‘वाजवी’. वाजवी निर्बंध. निर्बंध वाजवी आहे का, हे तपासायची जागा त्या एका शब्दामुळे न्यायालयाकडे राहिली.

जमिनीसाठी दोन कलमं आली. ३१अ ने जमीनदारी प्रकारच्या हक्कांचं संपादन मूलभूत हक्कांच्या आक्षेपापासून बाजूला काढलं. एवढ्याने काम भागलं असतं असं मला वाटतं. पण त्याला जोडून ३१ब आलं आणि घटनेच्या शेवटी एक नवी यादी लागली, नववं परिशिष्ट. या यादीत ज्या कायद्याचं नाव येईल तो मूलभूत हक्कांशी विसंगत आहे म्हणून रद्द होणार नाही, आधी कुठल्या न्यायालयाने रद्द केला असेल तरीही नाही. पाटण्याचा निकाल असा एका ओळीत पुसला गेला.

यादीत तेरा कायदे. पहिला बिहारचा. दुसरा? १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, आपला कुळकायदा. सहावा मुंबई खोती निर्मूलन कायदा. सातवा परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायदा. तेरापैकी सहा मुंबई राज्याचे, एक मध्य प्रदेशचा म्हणजे विदर्भातल्या मालगुजारीचा, दोन हैदराबादच्या जहागिऱ्यांचे, ज्यांत मराठवाडा आला. बिहार आणि उत्तर प्रदेशच्या जमीनदारांची गोष्ट म्हणून आपण ही दुरुस्ती वाचतो, पण यादी समोर धरली की ती निम्म्याहून अधिक आपल्याच घरची निघते.

खोतीविरुद्धचं विधेयक आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं होतं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी त्याआधीच खोतांची जमीन कसायला नकार देऊन वर्षानुवर्षं संप चालवला होता. ज्या घरांनी तो काळ काढला, त्यांना ‘मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा संकोच झाला’ हे वाक्य कानाला कसं लागत असेल, याचा विचार न करता या प्रकरणावर मत देऊ नये. मी स्वतः ३१ब च्या विरोधात आहे, आणि तरीही हे लिहितो.

परिणाम

जमीनदार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. हंगामी संसदेला अधिकार नव्हता, एकच सभागृह होतं, आणि हक्क हिरावणारा कोणताही ‘कायदा’ कलम १३(२) खाली शून्य आहे, मग घटनादुरुस्तीही कायदाच नाही का? ५ ऑक्टोबर १९५१ ला पाच न्यायमूर्तींनी तिन्ही मुद्दे फेटाळले. ‘कायदा’ म्हणजे साधा कायदा, घटनादुरुस्ती त्यात येत नाही. दुरुस्ती टिकली.

बिहारचा कायदा मे १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तो बहुतांशी टिकला, पण गंमत अशी की यादीत पहिलं नाव असूनही त्यातल्या दोन तरतुदी न्यायालयाने उडवल्याच, त्यातली एक थकीत खंडाबद्दलची. त्या घालवायला मूलभूत हक्कांची गरजच पडली नाही. संसदेला वाटलं होतं तितकी ती पेटी हवाबंद नव्हती.

यादी वाढत गेली. १९६४ च्या १७ व्या दुरुस्तीने एकदम ४४ कायदे आत टाकले, त्यात महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, ४० व्या दुरुस्तीने तर अत्यावश्यक वस्तू कायदा आत गेला. त्याचा जमीनदारीशी काय संबंध? काहीच नाही. कुळाला वाचवायला बांधलेल्या कोठारात आता कुळाच्या नातवाच्या कांद्याचा भाव पाडायला वापरता येणारा कायदा ठेवला गेला होता. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या सभांत ‘परिशिष्ट ९ रद्द करा’ ही मागणी ऐकू येते, किसानपुत्र आंदोलनासारखे गट ती सातत्याने मांडतात, तिचं मूळ इथे आहे. त्या यादीतल्या दुसऱ्या आणि सहाव्या कायद्याने ज्यांच्या आजोबांना जमीन मिळाली, त्यांच्यातलेच काही आज ती यादी फाडायला निघालेले असतात. यात मला विसंगती दिसत नाही.

मूळ प्रश्न, संसद मूलभूत हक्कांना किती हात लावू शकते, मिटला नव्हताच. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी उत्तर आलं, अजिबात नाही. संसदेने १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीने ते उलटवलं. मग तेरा न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस केशवानंद भारती खटला चालला आणि २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा मतांनी आजचा तोडगा निघाला: दुरुस्ती करा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू नका. त्या तारखेनंतर यादीत घातलेले कायदे या कसोटीला उतरावे लागतील ही रेघ महाराष्ट्राच्याच कमाल जमीनधारणा कायद्यावरच्या वामनराव खटल्यात आखली गेली, आणि २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी ती पक्की केली. तोवर यादीचे क्रमांक २८४ वर पोचले होते.

‘वाजवी’ या शब्दाचं काय झालं? २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यातून पेटलेल्या वादात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयापुढे आलं आणि २४ मार्च २०१५ ला रद्द झालं, कारण ते १९(२) मधल्या वाजवी निर्बंधांत बसत नव्हतं. प्रवर समितीतले ते मोजके दिवस नसते, तर त्या युक्तिवादाला उभं राहायला जमीन किती उरली असती?

वेगळं काय करता आलं असतं

तीन विधेयकं करायला हवी होती, हे माझं ठाम मत. मद्रासची फट बुजवण्याला सभागृहात जवळपास सगळ्यांचा पाठिंबा होता. ते आठवड्यात झालं असतं. वृत्तपत्रांच्या कलमावर खरा मतभेद होता. जमिनीच्या कलमांवर वेगळाच. एकत्र बांधल्यामुळे ज्याला १५(४) हवं त्याला ३१ब गिळावं लागलं. कलमवार मतदान झालं, हे खरं. पण वादाचा सूर आणि वेळ गठ्ठ्याचाच राहिला.

निवडणुकीपर्यंत थांबणं? इथे माझं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. पूर्वी मी सरळ ‘थांबायला हवं होतं’ असं शिकवायचो. काँग्रेसला नव्या लोकसभेत ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. तीच दुरुस्ती वर्षभराने, पण प्रौढ मताधिकाराच्या संसदेने केली असती आणि आंबेडकरांच्या वाक्याला बाधा आली नसती. मग एका विद्यार्थ्याने विचारलं, सर, त्या वर्षात माझ्या पणजोबांचं शेत कुणाच्या नावावर गेलं असतं? तो राजापूरकडचा. मी म्हटलं, खोतीचा कायदा तेव्हा कुठल्या न्यायालयाने रद्द केलेला नव्हता, तुझ्या पणजोबांना धोका नव्हता. तो म्हणाला, रद्द झाला नव्हता हे तुम्हाला आज माहीत आहे. पुढे काय निकाल येईल हे त्यांना कुठे माहीत होतं?

त्याला पुरतं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता मी एवढंच म्हणतो की ३१अ तेव्हाच करायला हवं होतं, थांबायला हवं होतं ते ३१ब साठी. कारण तेव्हाचं ३१अ जमिनीपुरतं बोलत होतं. ३१ब मध्ये विषयाची मर्यादाच नाही. काय आत टाकावं याला अट नाही, मुदत नाही, दहा वर्षांनी पुन्हा पाहू अशी ओळ नाही. तेरा कायद्यांचं कलमवार वाचनही सभागृहात झालं नाही, नावं वाचली गेली. नुसती एक मुदत घातली असती तरी १९७६ चा प्रकार अवघड झाला असता.

मद्रास सरकारच्या वकिलांनी ‘अर्जच केलेला नाही’ हा मुद्दा पहिल्याच दिवशी मांडला असता तर? वर्गात हा प्रश्न हमखास येतो. तरुणाचा अर्ज होताच, ३६९½ गुणांसह. निकाल तोच लागला असता. फक्त खटला आपण दुसऱ्या नावाने पाठ केला असता.

मद्रासचं पुढचंही सांगायला हवं. तमिळनाडूने १९९३ मध्ये शिक्षण आणि नोकऱ्यांत ६९ टक्के आरक्षणाचा कायदा केला. त्याआधीच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्क्यांची मर्यादा घालून दिली होती. मग १९९४ मध्ये ७६ वी घटनादुरुस्ती झाली आणि तो कायदा नवव्या परिशिष्टात गेला. १९५१ च्या विधेयकात दोन टोकांना असलेल्या गोष्टी, प्रवेशाच्या जागा आणि जमिनीची पेटी, अशा एकत्र आल्या. महाराष्ट्राचा मराठा आरक्षण कायदा ५ मे २०२१ ला रद्द झाला तेव्हा इथल्या चर्चांतही ‘तमिळनाडूसारखं करा’ असं ऐकू आलं होतं. यादीत त्या कायद्याचा क्रमांक आहे २५७अ. तेव्हा शेवटचा असलेल्या २५७ च्या मागे जोडलेला.